चार मुक्कामांचा कागद

उसाच्या ट्रॉलीमागं गाडी अडकली की आमच्या घरातल्या एकेकाचा स्वभाव उघडा पडतो. माझा नवरा विजय हॉर्नवर हात ठेवून बसतो. मृणाल मोबाइलमध्ये डोकं घालते. मी मात्र निवांत होते. गेल्या रविवारी कराडहून गावाकडं निघालो तेव्हा पुढं एक सोडून दोन ट्रॉल्या होत्या. दोन्ही बाजूंनी मोळ्या बाहेर आलेल्या, मागं लाल फडकं बांधलेलं, ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात की आमच्या गाडीच्या काचा थरथरत होत्या. रस्त्यावर चिरडलेल्या उसाचा गोड-आंबूस वास आत येत होता. विजय म्हणाला, "गेला अर्धा तास." मी म्हटलं, "जाऊ दे की." त्यानं माझ्याकडं वळून पाहिलं. शाळेत भूगोल शिकवणारी बाई मी, तास संपायच्या आधी फळा पुसून मोकळी होणारी. मी कुणाचा अर्धा तास असा सोडून देत नसते.

मागून मृणाल म्हणाली, "आई, ह्या वर्षी परत जायचं का कुठंतरी? तेव्हा गेलो होतो तसं." ती आता पुण्यात शिकते, सुट्टीला येते, आणि तिला बरोबर ह्याच दिवसांत हे आठवतं. रानातला ऊस जाऊ लागला, गावातली घरं रस्त्यावरून दिसायला लागली, वाड्याचे भारे डोक्यावर घेऊन बायका परतताना दिसल्या की मलाही तेच आठवतं. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ह्या दिवसांत आमच्याकडच्या म्हशी तेच खातात आणि दुधाला गोडसर वास येतो. चहा केला की तो वास आधी येतो, मग चहाचा.

पाचेक वर्षं झाली त्याला. मृणाल नववीत होती. आम्ही साताऱ्यात राहायचो, अजूनही राहतो. सासू-सासरे कडेगावजवळच्या गावात, शेतावर. आमच्या भागात सुनेनं सासूला आत्या म्हणायचं आणि सासऱ्याला मामा, तशी मी म्हणते. मामा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण घरी आल्यावर मात्र रान, सोसायटी आणि सकाळचा पेपर ह्यापलीकडं गेला नाही. त्या डिसेंबरात मृणालनं जेवताना जाहीर केलं की तिच्या सगळ्या मैत्रिणी कोकण बघून आल्या, आपणच राहिलो. मामांनी घास खाली ठेवला. "कोकन? किती दिसाचं?" त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी तोवर पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मामा बसले. पट्टीनं रेघा मारल्या. कूच, अंतर, जेवण, मुक्काम असे रकाने पाडले. "साडेपाचला सामानासकट हजर, सहाला कूच. जो उशीर करंल त्यो घरी." कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. मग गुहागर, जयगडची जेटी, रत्नागिरी, खाली मालवण, आणि वर चढून कोल्हापूर करून घरी. पाच दिवस, चार मुक्काम. माझी वेगळी वही होती, तीन रंगांच्या पेनांची. विजयचा वेगळाच नकाशा फोनमध्ये, आणि तो म्हणायचा गणपतीपुळ्याला दोन तास पुरतात. मामा म्हणायचे अर्धा दिवस पायजे. साताऱ्यातून मी रोज फोन करून उंटावरून शेळ्या हाकत होते. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

खरं सांगते, प्रवासापेक्षा तो महिना मला जास्त आठवतो. कित्येक वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूनं कोकणचा किनारा काढत आले होते. "कोकणचा किनारा दंतुर आहे" हे वाक्य मुलांकडून इतक्या वेळा लिहून घेतलं होतं की त्याचा अर्थही निघून गेला होता. त्या महिन्यात संध्याकाळी वह्या तपासायच्या सोडून मी तो नकाशा उघडून बसायचे आणि त्या खाचाखोचांमधली गावं पहिल्यांदा नीट वाचायचे. वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. नुसती नावं वाचूनसुद्धा माणसाला सुट्टी लागल्यासारखं वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं. जायला मिळो न मिळो, कुणीतरी आपल्याला सोबत धरून बेत आखतंय ह्याचंच सुख मोठं असतं.

तारीख मात्र ठरेना. ती आमच्या हातात नव्हतीच. ऊसतोड टोळी कधी येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. आज येतो, उद्या येतो, शेजारच्या शिवारात हायेत, असं चाललं होतं. शेवटी मामांनी कागदावर तारखेच्या जागी लिहिलं, "तोडीनंतर आठवा दिवस." म्हणजे ऊस जायचा, मग उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, आवरायचं, बुडख्यातून फुटणाऱ्या खोडव्याला पहिलं पाणी द्यायचं आणि आठव्या दिवशी निघायचं. मला शाळेत रजा टाकायची होती. हेडमास्तरांनी विचारलं, "रजा कधीपासून?" मी म्हटलं, "तोडीनंतर आठव्या दिवसापासून." ते कडेगाव बाजूचेच. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं काही विचारलं नाही.

ह्या सगळ्यात आत्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते. कागदावर पाच माणसं धरलेली, गाडीत पाच जागा, पण आत्यांना कुणी विचारलंच नाही. मृणालच एकदा म्हणाली, "आजी, तू कुठली साडी घेणार?" आत्या कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमी जावा. मी हाय हितं. मंगळी दुसऱ्या कुनाला धार काढू देत न्हाई."

मंगळी म्हणजे आमची म्हैस. आत्यांचं हे वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तेरा-चौदा वर्षं ते आम्ही ऐकत होतो. त्याच्या आधी मंगळीची आई होती, तिचंही तेच. भाचीचं लग्न सांगलीला, आत्या हळदीला आल्या आणि अक्षता पडल्या की निघाल्या. आमच्या साताऱ्याच्या घराची वास्तुशांत झाली, सगळे पाहुणे राहिले, आत्या चारच्या गाडीनं परत. "म्हस पान्हा चोरती," म्हणायच्या. दुसऱ्याचा हात लागला की म्हैस दूध आखडून धरते, त्याला आमच्याकडं पान्हा चोरणं म्हणतात. अशा म्हशी असतात, त्यामुळं कुणी कधी शंका घेतली नाही. बाईचा जीव म्हशीत अडकलाय असं म्हणून आम्ही कौतुकही करायचो.

ह्या खेपेला मात्र मामा हट्टाला पेटले. घोडं कुठं पेंड खातंय ते त्यांना दिसलं होतं आणि आता ते हलवायचंच होतं. शेजारी अमिना राहते. तिचा नवरा कडेगावात शिवणकाम करतो, ही घरी शेळ्या पाळते, जनावराला तिचा हात चांगला. आमच्याकडं जुनी रीत आहे, म्हैस दुसऱ्याला धार देत नसेल तर जिची सवय आहे तिची वापरलेली साडी नेसून बसायचं. वासानं म्हैस फसते. मामांनी अमिनाला बोलावलं. आत्या म्हणाल्या, "कशाला त्या पोरीला तरास? लाथ घालंल ती." मामा म्हणाले, "घालू दे. बघू तरी."

आम्ही त्या शनिवारी गावी होतो, म्हणून हे मला बघायला मिळालं. अमिना आत्यांची जुनी हिरवी साडी नेसून, पदर डोक्यावर ओढून गोठ्यात गेली. आम्ही सगळे वाड्याच्या ढिगामागं लपलो. सुभेदार साहेबसुद्धा. अमिनानं पुढ्यात भिजवलेल्या पेंडीचं आंबोण ठेवलं, कास धुतली, बादली गुडघ्यांत धरली. मंगळीनं मागं वळूनही बघितलं नाही. सुर्रऽ करून धार सुरू झाली ती बादली भरेपर्यंत थांबली नाही. नेहमीपेक्षा पेलाभर जास्तच दूध निघालं. मृणाल टाळ्या पिटायला लागली. मामा ढिगामागून उठून म्हणाले, "गंगेत घोडं न्हालं." अमिना दूध घेऊन माझ्या जवळून जाताना हळूच म्हणाली, "भाभी, साडी बी नको हुती." मी हसले. मला वाटलं, स्वतःच्या हाताचं कौतुक करतेय.

आत्या हसल्या नाहीत. दाराशी उभ्या होत्या, तशाच आत गेल्या. मला वाटलं, मंगळीनं दगा दिला ह्याचं वाईट वाटलं असणार. चौदा वर्षं जिला जपलं ती एका साडीला फसली. मी मनात म्हटलं, होईल दोन दिवसांत ठीक.

मग टोळी आली. चार दिवसांत रान मोकळं झालं. घराच्या दारातून पार ओढ्यापर्यंत दिसायला लागलं, आणि मामांनी कॅलेंडरवर एकेक दिवस खोडायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी मी रजा अलीकडं ओढून विजय आणि मृणालसह गावी आले. घरात शिरले तर स्वयंपाकघर सामानानं भरलेलं. आत्यांनी चिपळूणसाठी शेंगदाण्याची चटणी कुटली होती, रत्नागिरीसाठी कुरडया काढून ठेवल्या होत्या, मालवणला काकवीचे डबे, कोल्हापूरला लाडू. सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम मृणालला दिलेलं. आत्यांच्या हाताला चटणीची आग होत होती, त्या सारख्या ताकात बोटं बुडवत होत्या.

आमचे चारही मुक्काम पाहुण्यांकडं होते, हे इथं सांगायला हवं. त्यात आम्हाला काही वेगळं वाटलंच नव्हतं. आमच्या लोकांच्या नकाशात ज्या गावात ओळखीचं घर नाही ते गाव नसतंच. चिपळूणला मामांचे फौजेतले दोस्त दौलतराव. मूळचे आमच्याच पाटण भागातले, बायकोच्या माहेरी जाऊन राहिलेले. रत्नागिरीत विजयची मावसबहीण, मालवणला मामांच्या पलटणीतलेच एक जण, आणि कोल्हापूरला माझी सख्खी धाकटी बहीण. घर असताना लॉजवर उतरलं तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारलासुद्धा नाही. माझ्या तीन रंगांच्या वहीत मुक्कामाच्या रकान्यात मीच हिरव्या पेनानं बहिणीचं नाव लिहिलं होतं.

निघायला चार दिवस राहिले आणि रात्रीच्या जेवणाला पानं मांडता मांडता आत्या म्हणाल्या, "तुमी जावा. मी हाय हितं." त्याच आवाजात, तेच शब्द.

मामांचा पारा चढला. "आता काय ऱ्हायलं गं? म्हशीची सोय झाली, ऊस गेला, पानी झालं. पालथ्या घड्यावर पानी का काय?" विजय म्हणाला, "आई, तू नाही आलीस तर आम्ही पण नाही जाणार." मृणालचा चेहरा रडवेला झाला. आत्यांनी सगळ्यांना वाढलं, मागाहून स्वतः जेवल्या आणि भांडी गोळा करायला लागल्या.

सकाळी मी त्यांच्या मागोमाग रानात गेले. त्या पाचट सरीत ओढत होत्या. मीही ओढायला लागले. मला ते धड जमत नाही, हाताला पातं कापलं. आत्यांनी माझा हात बघितला आणि म्हणाल्या, "सोड. बस जरा." बांधावर बसलो. मी विचारलं, "आत्या, मंगळीमुळं नाही ना?"

आत्यांनी पाचटाची एक काडी उचलली. मग म्हणाल्या, "मंगळी कुनाला बी धार देती. शेजारच्या पोरानं बी काढली आसती. म्हस निमित्त व्हती, वैशाली."

मला कळेना. त्या सांगत गेल्या, पाचटाची काडी हातात मोडत. लग्न होऊन आल्यापासून जिथं जिथं मुक्कामाला गेल्या तिथं तिथं चूलच बघितली. नणंदेचं बाळंतपण, दिराच्या पोराचं जावळ, भावाच्या घरचं बारावं. पाहुणी म्हणून जायचं, उंबऱ्यातच पदर खोचायचा आणि चुलीम्होरं बसायचं. आपण बसून राहिलो तर त्या घरच्या बाईवर भार पडणार, हे बाईमाणसाला दिसतं, मग बसवत नाही. "तिची चूल मला ठावी न्हाई, मीठ कुटं, तिखाट कुटं, इचारत इचारत भाकऱ्या थापायच्या. त्यापरीस घरचं बरं. हितं मीठ तरी डोळं झाकून घावतंय." मग एकदा मंगळीच्या आईनं खरंच पान्हा चोरला. आत्यांना लवकर परतावं लागलं आणि त्यांना वाटलं, हे बरं झालं. तेव्हापासून म्हैस हे कारण. कुणी रागवत नाही, उलट कौतुकच करतं.

"म्हणजे माझ्याकडनंही तुम्ही त्याच कारणानं जायचा?" मी विचारलं. वास्तुशांतीची चारची गाडी मला आठवली होती.

आत्या हसल्या. "तुज्याकडनं तर लय. तुला माज्या हातची भाकरी आवडती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवलंही नाही मी. त्या सकाळच्या गाडीनं साताऱ्याला यायच्या, पिशवी खाली ठेवायच्या, मी म्हणायचे, "आत्या, आज तुमच्या हातची भाकरी हं," आणि मला वाटायचं मी त्यांना मान देतेय. वाईट होतं का ते? नव्हतं. पण आवडतं म्हणून आपण माणसाला किती राबवतो, ह्याचा हिशोब प्रेमात कुणी ठेवत नाही, हे मला त्या बांधावर कळलं.

"मग तुम्हाला नक्की काय हवंय?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं असेल.

आत्यांना उत्तर द्यायला लाज वाटली. ओढ्याकडं बघत म्हणाल्या, "समिंदर दिसला तर बरं. न्हाई दिसला तर न्हाई. पर एक दिस उठल्यावर कुनीतरी आयता च्या आनून द्यावा. बसल्या जागी. माज्यामुळं कुनाच्या घरच्या बाईला जादा काम न लागता."

घरी येऊन मी कागद उघडला. चार मुक्काम. आता मला त्यात चार चुली दिसायला लागल्या. चिपळूणला पोचायचं दुपारी, म्हणजे रात्रीचा स्वयंपाक. रत्नागिरीला विजयच्या बहिणीला लहान मूल. मालवणला मासे साफ करायला आत्याच बसणार. आणि कोल्हापूरला माझी बहीण, जी आत्यांना बघितल्याबरोबर म्हणणार, काकू, तुमच्या हातची झुणका-भाकर. हा बेत आम्ही महिनाभर खपून, तीन रंगांत, एका बाईला पाच दिवस चार स्वयंपाकघरं फिरवायला केला होता.

विजयला पटायला दोन मिनिटं लागली. मामांना सांगणं अवघड होतं. ते पडवीत दाढी करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी अर्धी दाढी तशीच ठेवून ऐकलं. म्हणाले, "वैशाली, दौलतच्या दारावरनं जायचं आन् हाटेलात उतरायचं? बर्फात एका कांबळ्यात झोपलोय आमी. त्यो मला मानूस म्हनंल का?" त्यांचं काही चूक नव्हतं. आमच्याकडं दारावरून न थांबता जाणं म्हणजे नातं तोडणंच. मी म्हटलं, "मामा, डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय, बाहेरचं चालत नाही, असं काहीतरी कळवू." मामा म्हणाले, "खोटं बोलू का दौलतला?" आणि आरशाकडं वळले. संध्याकाळी गोठ्यात जाऊन बसले. आत्या धार काढत होत्या, हे नुसते बघत होते. काय बोलणं झालं, झालं का नाही, मला माहीत नाही.

सकाळी अंगणात उभं राहून त्यांनी दौलतरावांना फोन लावला. स्पीकर चालू होता, कारण त्यांना तो बंद करता येत नाही. आत्या आत चुलीपाशी होत्या, त्यांना शब्दन् शब्द ऐकू जात होता.

"दौलत, गड्या, येतोय आमी. पर तुज्याकडं ऱ्हानार न्हाई. च्याला येतो, तासभर."

"का रं? काय चुकलं आमचं?"

मामा म्हणाले, "तुजं न्हाई चुकलं. माजं चुकलंय, चाळीस वरीस. माज्या बायकुला पाच दिस चुलीपासनं सुट्टी द्यायची हाय. तुज्या घरी आलो तर ती वैनीसंगं भाकऱ्या थापत बसनार. मला म्हाईत हाय, तुला बी म्हाईत हाय."

पलीकडं फोन दुसऱ्या कुणी घेतला. दौलतरावांची बायको. म्हणाली, "भावजी, लय बरं केलासा. आन् जाताना मला बी गाडीत घ्या." आणि ती हसायला लागली. मामाही हसले, पण डोळे पुसत. आत चुलीपाशी भाकरीचा आवाज थांबला होता.

विजयनं रत्नागिरीला फोन केला, मामांनी मालवणला. माझी पाळी आली तेव्हा बहीण फुरंगटली, "म्हणजे मी परकी झाले होय?" मी म्हटलं, "परकी नाहीस म्हणून तर तुला खरं सांगतेय." महिनाभर ती माझ्याशी मोजकंच बोलली. मग एक दिवस स्वतःच फोन करून तिनं विचारलं, काकूंना कसं वाटलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या सासूबाईंना पण न्यायला पायजे गं कुठंतरी." चटणीपासून लाडवांपर्यंत सगळे डबे मात्र चारही घरी पोचवले, मुक्काम न करता.

ट्रॉलीमागं अडकले की मला हे सगळं ओळीनं आठवतं आणि कुणाकुणाचे आभार मानू असं होतं. अमिना पाच दिवस दोन्ही वेळा धार काढून गेली, साडीशिवाय, आणि मंगळी कुणालाही धार देते हे गुपित तिनं इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं हे आम्हाला मागाहून कळलं. मामांना सत्तरीच्या उंबऱ्यावर मित्रासमोर स्वतःची चूक कबूल करता आली. आणि आत्यांनी मला बांधावर बसवून खरं सांगितलं. नाही सांगितलं असतं तर आम्ही त्यांना ओढून नेलं असतं, चार घरी राबवलं असतं आणि परत येऊन गावभर सांगितलं असतं की आत्यांना कोकण दाखवून आणलं.

तोडीनंतर आठव्या दिवशी सहाला आम्ही निघालो. मामांनी खरंच सगळ्यांना साडेपाचला अंगणात उभं केलं. कोयनेच्या वळणांवर मृणालला मळमळलं, घाट उतरल्यावर गरम व्हायला लागलं. दौलतरावांकडं तासभर बसलो, आत्या तिथंही दोनदा आत जायला उठल्या आणि वैनींनी त्यांना दोन्ही वेळा हाताला धरून बसवलं. गुहागरला एका सुपारीच्या वाडीतल्या घरात खोल्या घेतल्या होत्या. समुद्र आत्यांनी संध्याकाळी बघितला. बराच वेळ बघितला. "लय पानी," एवढंच म्हणाल्या, आणि चपला हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाचला त्यांना जाग आली. सवयच ती. मीही उठले. आम्ही दोघी पडवीतल्या बाकड्यावर बसलो. वाडीत पाणी सोडलेलं होतं, त्याचा आवाज येत होता, आणि त्याच्यामागं समुद्राचा. आतून भांड्यांचा आवाज आला की आत्यांचं अंग हलायचं. एकदा त्यांनी सगळ्यांच्या चपला ओळीनं लावल्या. एकदा अर्ध्या उठल्या, मी म्हटलं, "बसा." बसल्या. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

साडेसहाला घरची बाई ट्रे घेऊन आली. चाळिशीची असेल, खांद्यावर टॉवेल, कपाळाला घाम. तिनं आत्यांच्या हातात कपबशी दिली. आत्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, बशीत ओतून एक घोट घेतला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ह्याच घोटासाठी आम्ही चार घरं नाराज केली होती, मामांनी मान खाली घातली होती. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

बाई आत जायला वळली होती. आत्या तिला म्हणाल्या, "बाई, तुमी घेतला का?"

ती थांबली. "नाही अजून. सगळ्यांचं झालं की घेते."

"कवा उठलासा?"

"साडेचारला, काकू."

आत्या बाकड्यावर सरकल्या. अर्धा चहा बशीत ओतला, बशी स्वतःकडं ठेवली आणि कप तिच्यापुढं धरला. "बसा हितं." बाई हसली, आत एकदा बघितलं आणि बसली. दोघी चहा प्यायल्या, पाण्याच्या पाळ्यांचं, सुपारीचं, म्हशींचं बोलायला लागल्या. माझ्या हातातला कप तसाच होता. लग्नाला माझ्या सतरा वर्षं झाली होती, आत्यांच्या हातचा चहा मी सतरा वर्षं घेत आले होते, आणि तुम्ही घेतला का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.